माझ्याच फायली का अडकतात

मी एका माणसाची नोकरी घालवली. संस्थेनं त्याचा करार वाढवला नाही, असं शाळेत सगळे म्हणतात, आणि कागदावरही तसंच आहे. पण तक्रारीचा अर्ज माझ्या हातचा होता आणि खाली सही माझी होती. भांडण कशावरून झालं म्हणाल, तर मोबाइलवरून ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये उतरायला तयार नसलेल्या फायलींवरून. सांगितलं तर लोक हसतील, म्हणून आजवर कुणाला सांगितलं नाही.

सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत मी पर्यवेक्षिका आहे. मराठी शिकवते. तीस वर्षं होत आली. मूळची माढ्याकडची, लग्न होऊन इथं आले, आणि इथल्या उन्हानं माझं डोकं आणखी तापलं असं आमच्या घरचे म्हणतात. त्यांचं काय जातंय म्हणायला! वर्गात, स्टाफरूममध्ये, बँकेच्या रांगेत, कुठंही चूक दिसली की मी बोलते, आणि एकदा बोलायला लागले की मला थांबता येत नाही. पोरं मागून मला काय नावं ठेवतात ते मला ठाऊक आहे. ठेवू देत.

तो शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर होता. अकरा वर्षं, कंत्राटावर. दर उन्हाळ्यात संस्था त्याचा करार वर्षभरासाठी वाढवायची आणि जून उजाडला की तो पुन्हा त्याच खुर्चीत दिसायचा. त्याच्या आधी तो माझा विद्यार्थी होता. विजापूर वेशीतल्या मुसलमान घरातला, बाप टेम्पो चालवणारा, अक्षर मात्र असं की मी त्याची वही बाकीच्या पोरांना दाखवायची. आता सगळी शाळा मला मॅडम म्हणते, तो तेवढा जुन्या सवयीनं बाई म्हणायचा. कमी बोलायचा. मला कमी बोलणारी माणसं आवडत नाहीत. त्यांच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही.

तर झालं असं, की आमच्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरांना एकाएकी भाव आला. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद: नाव, जन्मतारीख, जात, आधीची शाळा. वर्षानुवर्षं ती कपाटात धूळ खात पडली होती. आता रोज कुणीतरी यायचं, माळशिरसहून, पंढरपूरहून, जातीच्या दाखल्यासाठी आजोबांची नोंद बघायची म्हणून. ती पानं उलटून उलटून फाटायला लागली. मग शिक्षण खात्याकडून फर्मान आलं की तपासणीच्या आत सगळ्या पानांच्या प्रती कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये हव्यात.

नंतरची रजिस्टरं धडधाकट होती. ती ऑपरेटरनं ऑफिसच्या स्कॅनरवर घातली. सगळ्यात जुनी तीन मात्र मी त्याच्या हातात दिली नाहीत. शिवण सुटलेली, कडा पापडासारख्या. स्कॅनरचं झाकण दाबलं असतं तर चुरा झाला असता. ती मी माझ्या कपाटात ठेवली, आणि रोज मधल्या सुट्टीत खिडकीजवळच्या टेबलावर एकेक पान उघडून मोबाइलनं फोटो काढायला लागले. फोटो काढला की फाइलला नाव द्यायचं आणि शाळेच्या क्लाउडच्या फोल्डरमध्ये टाकायची. क्लाउड म्हणजे काय हे त्यानंच मला शिकवलं होतं: तुम्ही मोबाइलवरून टाकलंत की ते आपोआप हिकडं माझ्या कॉम्प्युटरवर उतरतंय बाई, पेन ड्राइव्ह नको, काही नको.

त्या जुन्या रजिस्टरांत प्रत्येक पानावर वर मधोमध श्री लिहिलेला आहे. दोन उभ्या रेघा, श्री, पुन्हा दोन उभ्या रेघा. कुठल्या तरी जुन्या हेडमास्तरांनी बोरूनं काढलेला. माझीही तीच सवय. वडील किराणाच्या यादीवर श्री घालायचे, मी फळ्यावर तारखेच्या वर घालते. म्हणून फायलींच्या नावातही मी आधी श्री घातला, दोन्ही बाजूंच्या रेघांसकट, आणि पुढं रजिस्टर पहिलं, पान चौदा असं. मोबाइलवर त्या रेघा शोधायला मला अर्धा तास लागला होता. आकड्यांच्या मागच्या चिन्हांच्या मागं कुठं तरी दडवलेल्या असतात. सापडल्या तेव्हा केवढा आनंद झाला मला.

चारशेच्या वर पानं झाली. माझ्या मोबाइलवर प्रत्येकीपुढं हिरवी खूण. मी ऑफिसात गेले, म्हटलं दाखव. त्याच्या कॉम्प्युटरवर त्याची सगळी रजिस्टरं होती आणि माझं एकही पान नव्हतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन बाण गोल गोल फिरत होते.

मी म्हटलं, नेट बंद असेल. नेट चालू होतं. म्हटलं, जागा भरली असेल. त्यानं दाखवलं, निम्मी मोकळी. तरी मी हट्टानं स्नेहसंमेलनाचे दोन वर्षांचे व्हिडिओ काढून टाकायला लावले. बाण फिरतच राहिले. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत शिरलो. ते ॲपच काढून पुन्हा टाकलं, त्यात दुपार गेली आणि त्याची आधीची रजिस्टरं पुन्हा पहिल्यापासून उतरायला लागली. ती उतरली. माझी नाहीत. मग मी माझ्या मोबाइलवरून सगळी पानं पुसून पुन्हा चढवली. चार दिवस. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्या दिवशी मी घरी पिंपं भरत होते आणि एका हातानं मोबाइल धरून पानं चढवत होते. नवरा म्हणाला, नळ वाहतोय. मी म्हटलं, वाहू दे.

पुन्हा हिरव्या खुणा. पुन्हा ऑफिसात तेच गोल फिरणारे बाण. तळपायाची आग मस्तकात गेली माझी.

त्याच्यावर मी ओरडले, ते ऑफिसच्या बाहेर व्हरांड्यात बसलेल्या पालकांनीही ऐकलं असणार. माझ्याच फायली का अडकतात? तुझ्या बऱ्या सुरळीत जातात? तो खाली मान घालून बसला. मग जे बोलला ते मला आठवतंय, कारण पुढं मी ते अर्जात जसंच्या तसं लिहिलं. तो म्हणाला, "बाई, फायलींची नावं साधी ठेवा. नुसता नंबर टाका. तुमचं तुम्हीच बदला, मी त्याला हात लावणार न्हाई."

हात लावणार नाही. म्हणजे काय? पगार कशाचा घेतो? चारशे फायलींची नावं बदलायची आणि ती मी बदलायची, पर्यवेक्षिकेनं, आणि हा खुर्चीत बसून बघणार? मी विचारलं, का, नावात काय वाईट आहे? तो काही बोलला नाही. पुन्हा विचारलं. तोंडाला कुलूप. शिपाईमामा पाण्याचा तांब्या घेऊन आत आले आणि तसेच मागे फिरले.

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि माझ्या मनात जे आलं ते मी इथं स्वच्छ लिहिते. माझ्या लक्षात आलं की अडकलेल्या झाडून सगळ्या फायली श्रीच्या आहेत. त्याच्या फायलींवर श्री नाही, त्या उतरतात. माझ्या फायलींवर आहे, त्या उतरत नाहीत. आणि हा म्हणतोय, नुसता नंबर टाका. मला वाटलं, मला सगळं कळलं. त्याला तो शब्द नको आहे. माझ्या पानांवरचा श्री त्याच्या डोळ्यांत खुपतोय, म्हणून तो मुद्दाम कुठलं तरी बटण दाबून माझ्या फायली बाहेर ठेवतोय. बावीस-तेवीस वर्षं मी त्या पोराला ओळखत होते, आणि एका रात्रीत माझं हे ठरलं. कुणी माझ्या कानात भरवलं नाही. मोबाइलवर तसले निरोप येतात रोज, माझ्याही येतात, मी ते पुढं पाठवत नाही म्हणून स्वतःला मोठी शहाणी समजत होते. पण वाचत होते. वाचलेलं कुठं जातं!

सकाळी उठून अर्ज लिहिला. कामात टाळाटाळ, उद्धट उत्तर, तपासणीच्या कामात अडथळा. आणि शेवटी एक वाक्य. ते मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट बसवलं: "देवाचे नाव असलेल्याच फायली यांच्याकडे मुद्दाम अडकवल्या जातात, इतर अडकत नाहीत, याची समितीने नोंद घ्यावी."

मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांना कुठलीच गोष्ट अंगावर घ्यायला आवडत नाही. म्हणाले, हे शेवटचं वाक्य ठेवायचंय का? मी म्हटलं, तेच तर खरं आहे. त्यांनी तो आवक शिक्का मारून संस्थेच्या सचिवांकडं पाठवून दिला, हात झटकले.

सचिवांनी मला बोलावून चहा पाजला. कधी नव्हे ते. म्हणाले, मॅडम, तुम्ही लक्ष घातलं ते लई बरं केलं. समितीच्या बैठकीत अर्ज वाचला गेला. त्याला बोलावलं, विचारलं, तो म्हणाला मी काही अडकवलं नाही. पुरावा काय? पुरावा काही नाही. एप्रिल संपला तसा त्याचा करार संपला आणि पुढं वाढवला गेला नाही. शेवटच्या दिवशी तो स्टाफरूमच्या दारात आला होता सगळ्यांचा निरोप घ्यायला. मी वह्यांत डोकं घातलं. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्याच्या जागी सचिवांची भाचेसून आली. पोरगी गोड बोलायची, पण कॉम्प्युटरला घाबरायची. कुठलीही खिडकी उघडली की आधी ती बंद करायची आणि मग मला विचारायची, मॅडम, काय होतं ते? तपासणी आठवड्यावर आली. मी म्हटलं, आता तर उतरतील माझ्या फायली. बाण तसेच फिरत होते. एक पान उतरलं नव्हतं.

आणि तरीसुद्धा मला शंका आली नाही. उलट मी म्हटलं, जाताना काही तरी करून गेला. पासवर्ड घातला असेल, कुलूप लावून गेला असेल. भाचेसून डोळे मोठे करून म्हणाली, व्हय मॅडम, असं करतेत की लोकं. मी मदतीच्या नंबरावर फोन लावला. त्यावर एक यंत्र इंग्रजीतून बोलायचं, हे दाबा, ते दाबा, आणि दाबत दाबत गेलं की पुन्हा पहिल्याच वाक्यावर आणून सोडायचं. मग लिहून विचारलं, तर उत्तर आलं की कृपया आपलं इंटरनेट तपासा. त्या उत्तर देणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार मी ऑफिसात बसून केला.

त्या शनिवारी शाळा अर्धी होती. भाचेसून गेली होती. मी एकटी त्या खुर्चीत बसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्याची उशी अजून खुर्चीवर होती, मी ती काढून खाली ठेवली. आणि म्हटलं, आता बघतेच. कोपऱ्यात ते बाण फिरत होते. आजवर मी त्यांच्याकडं नुसती रागानं बघत आले होते, कधी त्यांवर माउस नेऊन दाबलं नव्हतं. दाबलं. एक छोटी खिडकी उघडली. तिथं एक ओळ होती: इतक्या इतक्या फायली उतरल्या नाहीत, कारण बघा. कारणावर दाबलं. माझ्या चारशे फायलींची यादी आली, आणि प्रत्येकीखाली तेच एक इंग्रजी वाक्य. या नावात असं चिन्ह आहे जे या कॉम्प्युटरवर चालत नाही. खाली चिन्हं दिली होती. प्रश्नचिन्ह, तारा, अवतरणचिन्ह, अशी सात-आठ. सगळ्यात शेवटी उभी रेघ.

मग मोबाइल काढला, पहिलं पान घेतलं, नाव बदलायला गेले. आधी काळजावर दगड ठेवून सगळंच काढणार होते, पण म्हटलं बघू तरी. फक्त रेघा काढल्या. श्री ठेवला. समोर स्क्रीनवर त्या पानापुढं टिचकी मारल्यासारखी हिरवी खूण आली.

श्रीचं काहीच नव्हतं. रेघांचं होतं. मोबाइलला त्या चालत होत्या, कॉम्प्युटरला चालत नव्हत्या, एवढाच मामला. त्यात देव नव्हता, धर्म नव्हता, कुणाची खोडी नव्हती. आणि ती खिडकी तिथं पहिल्या दिवसापासून होती. त्यानं ती पहिल्याच दिवशी उघडून बघितली असणार. अकरा वर्षं कॉम्प्युटरवर बसलेला माणूस, त्याला काय मी सांगायला हवं होतं?

पुढचे तीन दिवस मी त्या फायलींच्या रेघा एकेक करून काढल्या, चारशे वेळा, आणि दर वेळी ती हिरवी खूण आली. तपासणी झाली. साहेबांनी माझ्या पानांचं कौतुक केलं. फोटो किती स्वच्छ आहेत म्हणाले.

मी मुख्याध्यापकांकडं गेले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, आता हे उकरू नका मॅडम, तपासणी चांगली झालीय. सचिवांकडं गेले. या वेळी चहा नव्हता. मी म्हटलं, चूक माझी होती, त्याला परत घ्या. ते हसले. म्हणाले, राहू द्या की मॅडम, सून आता रुळलीय, आणि खरं सांगू, तुमच्या अर्जामुळं आमचं एक अवघड काम सोपं झालं. इतका राग आला मला त्या माणसाचा की जिना उतरताना मी मोठ्यानं शिव्या दिल्या. पण शिव्या देऊन काय? कुऱ्हाड मीच नेऊन दिली होती त्याच्या हातात.

मग एक दिवस मी विजापूर वेशीत गेले. चौकशी केली, दुकान सापडलं. दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पॅनकार्ड, सगळं एका पाटीवर. तो आतल्या कॉम्प्युटरवर कुणाचा तरी फॉर्म भरत होता. मला बघितलं तसा उठून उभा राहिला. स्टूल पुढं केलं. मला उभं राहूनच बोलायचं होतं, पण बसले.

मी सांगितलं, मला कळलं. रेघांचं होतं. तो म्हणाला, हां बाई. एवढंच. माझाच आवाज चढला, सवयच वाईट. मी म्हटलं, तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं तर तू बोलला का नाहीस? दोन शब्द सांगायचे होते. रेघा काढा बाई, एवढं म्हणायला काय झालं होतं? नोकरी जात होती तरी समितीसमोर रेघांचं नाव काढलं नाहीस?

त्यानं समोरच्या गिऱ्हाइकाचा फॉर्म बाजूला ठेवला. म्हणाला, आठवीत असताना तुम्ही आमाला वहीच्या प्रत्येक पानावर श्री लिहायला लावायचा. मी पण लिहायचो. घरी अब्बांनी वही बघितली, हसले, अक्षर चांगलंय म्हणाले. कुणाला काही वाटायचं नाही. आणि त्या दिवशी मी कॉम्प्युटर ऑपरेटर, बाहेर चार पालक बसलेले, आणि मी तुमाला म्हणणार की श्रीच्या रेघा काढा.

"तवा मी बोललो असतो बाई, तर तुमी अर्जात काय लिहिलं असतं?"

उत्तर मला येत होतं. गप्प बसला म्हणून मी एवढं लिहिलं होतं, बोलला असता तर काय काय लिहिलं असतं ते मला शब्दासकट समोर दिसत होतं, आणि मी ते एकट्या सचिवांना दाखवून थांबले नसते.

मी घरून एक पत्र लिहून आणलं होतं, संस्थेला द्यायला. गैरसमजातून तक्रार झाली, ती मागे घेते, असं. ते त्याला दाखवलं. त्यानं वाचलं आणि परत दिलं. म्हणाला, गैरसमज लिहू नका बाई. आवाज चढला नव्हता त्याचा. मला वाटलं, बरोबर आहे. त्याच्याच टेबलावरचा कोरा कागद घेतला आणि नव्यानं लिहिलं. फायली माझ्या चुकीनं अडकल्या होत्या. ते काम यांनी मुद्दाम केलं असं मला वाटलं, कारण हे मुसलमान आहेत. दुसरं काहीही कारण नव्हतं. सही केली. अक्षर नीट आलं. म्हटलं, हे देते. नुसतं देत नाही, स्टाफ मीटिंगमध्ये उभी राहून वाचते. मला खरंच तसं करायचं होतं. छातीवरचं ओझं कधी एकदा उतरेल असं झालं होतं.

त्यानं ते दोनदा वाचलं. मग घडी घातली, चार पदरी, आणि माझ्या पर्सवर ठेवली.

"हे देऊ नका बाई. माझी मुलगी तुमच्याच शाळेत हाय, आठवीत. आत्ता तितं तिला कुणी येगळं बघत न्हाई. हे वाचलंत की सगळी बघायला लागतील."

मी म्हटलं, मग मी काय करू? गिऱ्हाईक ताटकळलं होतं, त्यानं त्याला आधार कार्ड मागितलं. निघताना म्हणाला, ऊन लई हाय बाई, रिक्षानं जावा.

दुसऱ्या दिवशी पहिलाच तास मला आठवीवर होता. मी वर्गात गेले, हजेरी घेतली. तिसऱ्या बाकावरची ती मुलगी, दोन वेण्या, बापासारखंच सुरेख अक्षर, वर्गात इतके दिवस असून मी कधी तिच्याकडं नीट बघितलं नव्हतं. हजेरी संपली तशी ती उठून उभी राहिली. चेहरा नुसता फुललेला. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, मॅडम, तुम्ही काल आमच्या दुकानात आला होता ना? अब्बा सांगत होते. म्हणाले, मी नोकरी सोडून स्वतःचं दुकान टाकलं म्हणून बाई मुद्दाम बघायला आल्या, शाबासकी द्यायला.

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. पोरी तिच्याकडं कौतुकानं बघत होत्या, की हिच्या दुकानात मॅडम गेल्या.

"हो," मी म्हणाले, "छान टाकलंय दुकान."

ती खाली बसली. मी पुस्तकं उघडायला सांगितली.